वारसाने आलेली दुनळी: परवान्यापासून नळीपर्यंत

दुनळी बंदूक वारशात आली की दोन चुका हमखास होतात. पहिली, ‘आपल्याच घरातली आहे’ म्हणून ती कपाटात तशीच पडून राहते. दुसरी, कुणीतरी हौशी नातेवाईक पॉलिश पेपर घेऊन ती ‘नव्यासारखी’ करून टाकतो. पहिल्या चुकीने फौजदारी गुन्हा दाखल होऊ शकतो. दुसरीने शंभर वर्षे टिकलेली वस्तू एका दुपारीत मातीमोल होते. दोन्ही चुका टाळायच्या तर आधी वाचायचे आणि मग हात लावायचा. वाचायचे म्हणजे सरकारी कागद, आणि बंदुकीच्या पोलादावर कोरलेला तिचा स्वतःचा कागदही.

देशमुखांच्या गढीत, खोतांच्या घरात, जंगलखात्यात नोकरी केलेल्यांच्या कुटुंबात सापडणारी जुनी बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) बहुतेक वेळा बर्मिंगहॅम, लंडन किंवा बेल्जियममधल्या लिएज शहरात बनलेली असते. ती पक्ष्यांच्या शिकारीसाठी घडवलेली आहे. लावा, तितर, पाणलावा झपकन उडाला की क्षणात खांद्याला लागावी म्हणून ती हलकी, जेमतेम ३ किलोची. हलकी म्हणून नळ्या पातळ. पहिला बार जवळच्या पक्ष्यावर आणि दुसरा दूर गेलेल्यावर, म्हणून उजव्या नळीचे तोंड मोकळे आणि डावीचे आवळलेले, म्हणजेच चोक असलेले. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डावीचा. जुन्या दुनळीचे गुण आणि दुखणी दोन्ही या हलकेपणातून येतात.

भारतात ती आज पक्ष्यांवर चालवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाली आणि शिकारीचे परवानेच बंद झाले. तितर-लावा मारणे हा सरळ गुन्हा आहे, मग शेत आपले असो वा माळ आपला. त्यामुळे या बंदुकीचे खरे स्थान दोन: परवान्यासह घरातला वारसा, आणि तपासणीत उत्तम ठरली तर रेंजवर मातीच्या तबकड्यांवरची नेमबाजी.

पहिले काम: ताबा कायदेशीर करा

परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. परवानाधारक वारला की बंदूक घरात ठेवण्याचा अधिकारही त्याच्याबरोबर संपतो. शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम २१ सांगते की ताबा कोणत्याही कारणाने बेकायदेशीर झाला तर शस्त्र आणि काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. तेच कलम वारसाला पुढे दोन हक्क देते: परवाना मिळाल्यावर वस्तू परत घेणे, किंवा ती विकणे. म्हणजे जमा करणे म्हणजे गमावणे नव्हे. या गैरसमजापायीच कितीतरी घरे बंदूक लपवून बसतात.

आपल्याकडे परवाना नसेल तर बंदूक पिशवीत घालून स्वतः निघू नका. ठाण्यात आधी लेखी कळवा, आणि ती कुणी, कशी आणायची ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. ती भरलेली नाही हे कुणी जाणकाराने पाहिलेले नसेल तर तेही अर्जात लिहा. कपाटातली जुनी काडतुसेही सोबत जमा करायची. हिरवट चढलेल्या पितळेची, फुगलेल्या कागदी नळकांड्यांची काडतुसे ‘चालतात का बघू’ म्हणून कधीही चालवून पाहायची नाहीत.

पावतीवर चार गोष्टी हव्यात: बंदुकीवरचे नाव, क्रमांक, बोअर आणि स्थिती. ‘एक जुनी डबल बार बंदूक’ एवढेच लिहून घेऊ नका. क्रमांक चापाच्या कडीपासून मागे जाणाऱ्या लोखंडी पट्टीवर, नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडी साच्यावर सापडतो. तिन्ही ठिकाणी तोच असला पाहिजे. दोन ठिकाणी वेगळा असेल तर नळ्या बदललेल्या आहेत किंवा दोन बंदुकांची एक केलेली आहे. परवान्याच्या पुस्तकातल्या क्रमांकाशी तो आत्ताच पडताळा. जुन्या परवान्यांत एखादा आकडा चुकीचा उतरलेला असतो, आणि नावावर करताना तेवढ्यावरून प्रकरण महिनोन्‌महिने अडते.

जागेचा प्रश्न असेल तर चांगला शस्त्रविक्रेता बरा. तो साठवणीचे भाडे घेतो, पण तिथे बंदूक कोरड्या जागी राहते आणि पुढची तपासणी त्याच्या दुकानात, त्याच्या हातून, तुमच्यासमोर होऊ शकते.

नावावर करणे

शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५ वारसांसाठी आहे. बहुतेकांना त्यातला अर्धाच भाग माहीत असतो: धारकाच्या मृत्यूनंतर वारसाला परवाना. दुसरा अर्धा जास्त उपयोगाचा आहे. धारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली असतील, किंवा शस्त्र २५ वर्षे त्यांच्याकडे असेल, तर यातले जे आधी होईल त्यानंतर त्यांच्या हयातीतच ते वारसाच्या नावे होऊ शकते. घरात वडील, काका किंवा आजोबा परवानाधारक असतील तर हे काम आत्ता करा. त्यांची सही आहे, जुने कागद कुठे आहेत हे त्यांना ठाऊक आहे, भावंडांचे ‘हरकत नाही’ त्यांच्यासमोर सहज मिळते. नंतर हेच सगळे चौपट वेळ खाते.

अर्ज केंद्राच्या ऑनलाइन शस्त्रपरवाना प्रणालीतून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत आयुक्तांकडे. सोबत लागतात: मृत्यूचा दाखला किंवा हयात धारकाचे संमतिपत्र, मूळ परवाना, बाकी सर्व वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे, ओळख, पत्ता आणि वयाचे पुरावे (वय २१ पूर्ण हवे), वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला. मग ठाण्याची चौकशी. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचे प्रतिज्ञापत्र राहून जाणे ही सर्वांत नेहमीची अडचण. तीही वारस आहे. तिची सही पहिल्याच खेपेला घ्या.

शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. वारशाने आलेले शस्त्रही या दोनमध्येच मोजले जाते. ज्याच्याकडे आधीच दोन आहेत त्याने तिसऱ्याचा अर्ज करून उपयोग नाही. घरातल्या दुसऱ्या वारसाच्या नावे विचार करा.

परदेशी स्थायिक झालेल्या भावाला आजोबांची बंदूक न्यायची असेल तर शस्त्रनिर्यातीच्या परवानग्यांआधी तिचे वय मोजा. पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

नळ्या उतरवून वाचणे

सगळ्यात आधी तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. वरचा लिव्हर उजवीकडे ढकलून बंदूक मोडा, म्हणजे बिजागरीवर उघडा, आणि दोन्ही घरे, म्हणजे काडतूस बसते ते भाग, रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहा. घोडे बाहेर दिसणारी बंदूक असेल तर लिव्हर हलवण्याआधी घोडे कोणत्या स्थितीत आहेत ते बघा. जोर लावून उघडायचे नाही. अडत असेल तर आत काडतूस गंजून बसलेले असू शकते. तिथेच थांबा आणि कारागिराला द्या. ठासणीची बंदूक असेल तर गोष्टच वेगळी: तिच्यात दारू ठासलेली असू शकते आणि बाहेरून ती दिसत नाही. तिला घरी हातच लावू नये.

रिकामी असल्याची खात्री झाली की बंदूक पुन्हा बंद करून पुढचे लाकूड काढा. काहींत खालचा खटका ओढायचा असतो, काहींत टोकाला दाबायची कळ असते, अगदी जुन्यांत आडवी पाचर असते. मग बंदूक उघडून नळ्या अलगद उचलायच्या. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर बारीक ठसे दिसतील. भिंगाने वाचा, शिशाच्या पेन्सिलीने पातळ कागदावर छाप घ्या, फोटो काढा.

हे ठसे प्रूफ हाउसचे, म्हणजे नळीला मुद्दाम जास्त दाबाचा बार देऊन पारखणाऱ्या संस्थेचे. इंग्लंडमध्ये अशी दोन आहेत. लंडनचे गनमेकर्स कंपनीचे, तिची सनद १६३७ ची. आणि बर्मिंगहॅमचे, १८१३ च्या कायद्याने सुरू झालेले. बर्मिंगहॅमच्या जुन्या ठशांत मुकुटाखाली एकमेकांवर आडवे ठेवलेले राजदंड असतात. १९०४ नंतर मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि एनपी ही अक्षरे येतात. लंडनच्या एनपीवर तलवार धरलेला चिलखती हात असतो. अंडाकृतीत ईएलजी असेल तर बंदूक लिएजची.

एनपी हे या सगळ्यातले कळीचे अक्षर. ते असेल तर बंदूक धूरविरहित दारूसाठी पारखली आहे. १८९६ ते १९०४ च्या काळात हेच ‘नायट्रो प्रूफ’ असे पूर्ण शब्दांत कोरलेले दिसते. यातले काहीच नसेल तर ती काळ्या दारूची बंदूक समजा आणि आजचे कारखान्याचे काडतूस तिच्यात घालू नका. डॅमस्कस नळ्या, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या, पाण्यासारखी लहर दिसणाऱ्या, बहुतेक याच गटातल्या. त्यांच्यावर एनपी असू शकते. लहर दिसली की लगेच निकामी ठरवण्याचे कारण नाही. ठसाच प्रमाण.

वय काढायलाही ठसे उपयोगी पडतात. चोक असलेल्या नळीवर ‘नॉट फॉर बॉल’ असेल तर ती १८७५ ते १८८७ मधली. नुसते ‘चोक’ असेल तर त्यानंतरची. बर्मिंगहॅमने १९२१ पासून वर्षाचे सांकेतिक अक्षरही ठोकायला सुरुवात केली.

नळ्यांमधल्या वरच्या पट्टीवरच्या नावाने मात्र भुलू नका. कलकत्त्याचे मँटन, रॉडा किंवा लायन अँड लायन, मुंबईतही दुकान असलेले आर्मी अँड नेव्ही ही नावे बहुधा विकणाऱ्याची. बंदूक बर्मिंगहॅममध्ये बनवून त्यावर दुकानाचे नाव कोरलेले असे. याने किंमत कमी होते असे नाही, पण ‘कलकत्त्याला बनलेली’ ही घरातली समजूत बरेचदा चुकीची निघते. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांच्या जुन्या नोंदवह्या आजही आहेत. क्रमांक कळवून बंदूक कधी पूर्ण झाली हे विचारता येते.

काडतूस बसले म्हणून चालते असे नाही

जुन्या दुनळीत सर्वांत धोकादायक आणि सर्वांत कमी ठाऊक असलेली गोष्ट हीच. पक्ष्यांच्या शिकारीसाठीच्या इंग्रजी बंदुकांचे घर बहुतेक अडीच इंचांचे, ६५ मिलिमीटरचे. आज मिळणारी पुष्कळ काडतुसे पावणेतीन इंचांची, ७० मिलिमीटरची. ही लांबी काडतूस उडून तोंड उघडल्यानंतरची. न उडालेल्या काडतुसाचे तोंड पाकळ्यांसारखे आत मुडपलेले असते, त्यामुळे ७० चे काडतूस हातात जेमतेम ५८-५९ मिलिमीटर भरते आणि ६५ च्या घरात अगदी आरामात बसते. बंदूकही बंद होते. बार होताच पाकळ्या उलगडतात, पुढच्या निमुळत्या भागात घुसतात, वाट आवळली जाते आणि दाब वाढतो. पातळ, जुन्या नळीला तो झेपेलच असे नाही.

म्हणून लांबी आधी ठशांत बघा. १९२५ नंतरच्या इंग्रजी बंदुकांवर ‘अडीच इंच’ असा आकडा असतो. चौकटीत १२ आणि सी असेल तर साधे घर, एलसी असेल तर लांब. तरीही कारागिराकडून गेजने मोजून घ्याच, कारण मधल्या काळात कुणी घर वाढवलेले असू शकते. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शक्तिमान काडतुसे आपल्याकडे सर्वपरिचित. कुठलाही ब्रँड असो, खोक्यावरची लांबी वाचल्याशिवाय विकत घेऊ नका.

छऱ्यांच्या वजनासाठी इंग्लंडमधला जुना ठोकताळा आहे: बंदुकीचे वजन छऱ्यांच्या ९६ पट हवे. ३० ग्रॅमला २,८८० ग्रॅमची बंदूक, म्हणजे आपली हलकी दुनळी बरोबर बसते. ३६ ग्रॅमला साडेतीन किलोची हवी. ‘जोरदार’ म्हणून ३६ ग्रॅमची काडतुसे अशा बंदुकीत घातली की खांदा दुखतो तो वेगळाच, पण मुठीजवळ दस्त्याला चीर जाते ती याच धक्क्याने.

तपासणीचा क्रम

टिचकी. नळ्या त्यांच्या खालच्या लोखंडी आकड्याला (हुकाला) दोरी किंवा बोट अडकवून टांगा आणि लाकडी पेन्सिलीने हलके ठोका. घंटेसारखा लांबणारा नाद आला तर दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांचा डाख, म्हणजे झाळ, शाबूत. भद्द किंवा खुळखुळ आवाज आला तर पट्टी कुठेतरी सुटली आहे आणि तिच्याखाली गंज चालू आहे.

उजेड. एक डोळा नळीला लावून ती खिडकीच्या चौकटीकडे किंवा ट्यूबलाइटकडे धरा आणि सावकाश फिरवा. चांगल्या नळीत उजेडाची गोल वर्तुळे सलग दिसतात. पोचा असेल तर चंद्रकोरीसारखी सावली, फुगवटा असेल तर पूर्ण काळी कडी, खड्डे असतील तर देवीच्या व्रणांसारखे ठिपके. पोचा कारागीर आतून उचलू शकतो. पण पोचा असलेल्या नळीतून बार काढायचा नाही, कारण छरे जाताना तिथली भिंत घासून पातळ होते. फुगवटा जास्त वाईट.

मापे. इथे घरगुती उपाय चालत नाही. मागच्या तोंडापासून ९ इंचांवर आतला व्यास मोजतात आणि ठशाशी ताडतात: ‘१२’ म्हणजे ०.७२९ इंच, ‘१३ वर १’ म्हणजे ०.७१९, ‘१३’ म्हणजे ०.७१०. ‘१३ वर १’ ठसा असलेली नळी आज ०.७२९ भरली तर गंज काढता काढता कुणीतरी तिचे पोलादच खरवडून टाकले आहे. ती प्रूफबाहेर गेली. भिंतीची जाडी वेगळ्या गेजने मोजायची. पुढच्या भागात ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, याच्या खाली असेल तर ती बंदूक भिंतीवरची. जाडी मोजण्याचे साधनच नसलेल्या कारागिराच्या ‘बिनधास्त चालवा’वर विसंबू नका.

सांधा. नळ्या चढवा, पुढचे लाकूड मात्र लावू नका. त्याच्या स्प्रिंगचा ताण ढिलेपणा लपवतो. दस्ता काखेत धरून नळ्या वरखाली हलवा. खटखट जाणवली, किंवा उजेडासमोर धरल्यावर नळी आणि मागची भिंत यांत फट दिसली, तर सांधा सैल. दुरुस्ती होते: बिजागरीची नवी जाड पिन, किंवा आकड्यावर भर. हातोडीने ठोकून घट्ट केलेला सांधा मात्र काही दिवसच टिकतो.

चाप. रिकाम्या घरावर चाप ओढायचा नाही. आघाताची पिन किंवा घोडा तुटतो, आणि तो भाग हाताने घडवल्याशिवाय मिळत नाही. स्प्रिंग बसवलेली खोटी काडतुसे घालून तपासा. साध्या स्प्रिंगकाट्याने ओढ मोजली तर पुढचा चाप दीड ते पावणेदोन किलोला सुटावा, मागचा थोडा जड. एक किलोच्या आतबाहेर सुटत असेल तर आतला खाचेचा भाग झिजला आहे आणि बंदूक नुसत्या धक्क्यानेही उडू शकते. सेफ्टी लावली आहे हा दिलासा नाही. बहुतेक साध्या दुनळींत सेफ्टी फक्त चाप अडवते, घोडा नाही.

काय करू नये

गंजावर पॉलिश पेपर नाही, ग्राइंडर नाही, आणि गरम क्षारांच्या टाकीत ब्लूइंग, म्हणजे पोलादाला काळा रंग चढवणे, तर अजिबात नाही. त्या टाकीतला क्षार पट्ट्यांचा मऊ डाख खातो; बंदूक काळीभोर होऊन येते आणि काही महिन्यांत पट्ट्या सुटतात. वरवरच्या गंजाला सर्वांत बारीक स्टील वूल तेलात बुडवून हलक्या हाताने पुरते. स्क्रू बाजारच्या स्क्रूड्रायव्हरने उघडू नका. त्यांच्या खाचा केसासारख्या अरुंद असतात. स्क्रूड्रायव्हरचे पाते घासून खाचेत नेमके बसवावे लागते. कुरतडलेला स्क्रू दिसला की जाणकार ग्राहक तिथेच किंमत खाली आणतो.

खोबरेल तेल घरात असते म्हणून लावले जाते. ते थंडीत गोठते, पुढे खवट चिकट थर होतो आणि आतला खटका अडकतो. शिलाई मशीनचे पातळ तेल उत्तम, तेही चिंधीने पुसून उरेल एवढेच. जास्त तेल आणि बंदूक तोंड वर करून उभी, ही जोडी दस्ता खाते: तेल उतरून लाकडात मुरते, लाकूड काळे-मऊ होते आणि धक्क्याने फाटते. तेल दिल्यावर पहिले काही दिवस तोंड खाली करून ठेवा.

पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत किंवा कापडी गवसणीत बंदूक ठेवायची नाही. दोन्ही दमट हवा धरून ठेवतात. कुलूपबंद लोखंडी कपाट, आत सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की उन्हात किंवा मंद आचेवर वाळवून परत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरवड्याला एकदा उघडून पुसायची. बोटांच्या घामाचे ठसे कोकणात आठवड्यात गंज होऊन उमटतात.

निवडणुकीच्या काळात शस्त्र ठाण्यात जमा करण्याची नोटीस येऊ शकते. त्याआधी नळ्यांना आतबाहेर नेहमीपेक्षा जाड हाताने तेल द्या, सर्व बाजूंनी फोटो काढा आणि क्रमांकासह पावती घ्या. परत आणल्यावर नळ्या उतरवून आरपार बघितल्याशिवाय ती वापरात घेऊ नका. कुंभारमाशीला बारा बोअरची नळी घरट्यासाठी अगदी मापाची वाटते. आत मातीचा लहानसा बोळा बसतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि त्यावर बार काढला तर नळी तिथेच फाटते. लाकडी गजाला चिंधी लावून मागून पुढे एकदा सरळ काढा. माती खाली पडली की दुसऱ्या चिंधीने पुसून पुन्हा उजेडाकडे धरा.